टेकडी राहिली तरच पोरं पळतील

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. त्यांतले 20 गुण धावण्याचे, मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर. उरलेल्या तिसांतले 15 गुण 100 मीटरच्या धावेला आणि 15 गोळाफेकीला. म्हणजे 50 पैकी 35 गुण पायांच्या जोरावर मिळवायचे. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी घरांमध्ये हा हिशेब पोरांना तोंडपाठ असतो. पक्क्या नोकरीकडे नेणारी जी दोन-चार दारं आहेत, त्यांतलं एक या सोळाशे मीटरच्या पलीकडे आहे.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीला आलं, की पळायचं कुठे हा प्रश्न पडत नाही. काठीकडे जा, डाबकडे जा, पिंपळखुट्याची वाट धरा. रस्ता चढेल नाहीतर उतरेल, सपाट फारसा राहणार नाही. शाळेला जायचं तर चढ, पाणी आणायचं तर उतार, बाजाराला भगर, आमचूर, महूफुलं घेऊन यायचं तर दोन्ही. भरतीची जाहिरात निघण्याआधीच इथल्या पोरापोरींच्या पिंढऱ्या तयार झालेल्या असतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच डोंगरवाटांवर वाढली. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. डोंगरातल्या पायांना काय जमतं, याचा याहून मोठा दाखला शोधायची गरज नाही.

पण डोंगरात वाढलेली ही पोरं बारावी झाली, की पुण्याची गाडी धरतात. सदाशिव पेठेत किंवा शिवाजीनगरच्या बाजूला ‘कॉट बेसिस’वर जागा घेतात, महिन्याची मेस लावतात, अभ्यासिकेत खुर्ची मिळवतात. घरून येणारे पैसे या तिन्हींतच संपतात. मग पहाटे पळायचं कुठे? बंदिस्त क्रीडासंकुलात वेळ ठरलेली, फी ठरलेली, आणि दारावर ओळखपत्र विचारणारा माणूस. फुटपाथवर दुकानांच्या पाट्या आणि दुचाक्या. रस्त्यावर उतरावं, तर पहाटे पाचला मोकळा असलेला रस्ता सहानंतर बसच्या धुराने भरतो. त्यात सिमेंट काँक्रीटवर रोज धावलं, की नडग्या धरतात, गुडघे बोलू लागतात.

अशा पोरांना पुण्यात सातपुडा सापडतो तो वेताळ टेकडीवर. म्हणूनच मोलगीकडचा माणूस पुण्याच्या टेकडीसाठी हा लेख लिहितो आहे. ही टेकडी वाचवा, असं आमचं तुम्हाला सांगणं आहे. ‘तुम्हाला’ म्हणजे टेकडीखाली राहणाऱ्या पुणेकरांना, आणि ज्यांची लेकरं पुण्यात शिकायला गेली आहेत त्या गावाकडच्या आईबापांनाही.

ज्यांनी ही टेकडी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या पुणे शहराच्या हद्दीतला हा सगळ्यांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. वर वेताळबाबाचं देऊळ. कोथरूड, एरंडवणे, सेनापती बापट रस्ता, गोखलेनगर, पाषाण, पंचवटी असं निम्मं पश्चिम पुणे हिच्या पायथ्याशी वसलेलं आहे, आणि प्रत्येक बाजूने वर यायला वाट आहे. लॉ कॉलेजच्या मागून चढलात तर चढ अंगावर येतो, दम लागतो. चढावरचा सराव करायचा असेल तर ही बाजू घ्यावी. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने आलात तर सुरुवातीला रस्ता रुंद आहे, नव्याने पळू लागलेल्याला तो सोयीचा. वर पोचलं की मुरमाच्या वाटा सुरू होतात. जुन्या दगडखाणीत पावसाचं पाणी साठून तळं झालंय. त्याच्या काठाने जाणारी वाट तर पावसाळ्यानंतर पाहावी. तिथून चतु:शृंगीकडे किंवा पाषाणकडे जाता येतं, आणि एकाच सकाळी चढ, उतार, सपाटी असं तिन्ही पायांखाली येतं.

मुरूम पाय सांभाळतो. तो थोडा दबतो, थोडा सरकतो, घोट्याला सतत सावरायला लावतो, आणि त्यामुळे पायांतले बारके स्नायूही कामाला लागतात. चढावर वेग कमी झाला तरी फुप्फुसांना आणि मांड्यांना सपाटीपेक्षा जास्त काम पडतं. जगातले मोठे धावपटू डोंगरात सराव करतात, त्यामागे हेही एक कारण आहे. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा. तिला लागून असलेल्या एन्टोटोच्या डोंगरात त्या देशाचे ऑलिंपिक विजेते पहाटे पळत आले आहेत. शहराच्या उशाशी डोंगर असणं ही धावपटूला मिळालेली ठेव आहे. पुण्याला ती फुकट मिळाली आहे.

सातपुड्यातला माणूस वेताळ टेकडीवर आला, की त्याला काही झाडं ओळखीची निघतात. सालई दिसते, मोई दिसते. वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची दाटी आहे, पण तिच्या मधल्या मोकळ्या माळावर पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं. मोर ओरडतात. जूनच्या सुमारास नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येते. सकाळी सहा वाजता तिथे कोण नसतं? निवृत्त मास्तर, आयटीतले इंजिनियर, गोखलेनगर-जनवाडीतल्या मावश्या, वेताळबाबाला नारळ घेऊन आलेलं कुटुंब, आणि छातीला घड्याळ बांधल्यासारखी वेळ मोजत पळणारी भरतीची पोरं. या शहरात एवढी सगळी माणसं पैसे न देता आणि जात-पत्ता न सांगता एकत्र येतात, अशा जागा किती उरल्या आहेत? तळजाईचं पठार, फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी. मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

आता धोका काय आहे तो बघा. बालभारती ते पौड फाटा असा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता टेकडीच्या अंगावरून नेण्याचं महापालिकेच्या मनात तीन दशकांहून अधिक काळ आहे. खर्चाचा अंदाज अलीकडे अडीचशे कोटींच्या घरात गेला. त्याच्या जोडीला पंचवटी, कोथरूड आणि गोखलेनगर यांना जोडणारे बोगदे टेकडीच्या पोटातून काढायचे, अशीही योजना आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवकाला जाब विचारायची सोय नव्हती, आणि नेमक्या त्याच काळात या प्रकल्पांना वेग आला. लोक गप्प बसले नाहीत. वेताळ टेकडी बचाव कृती समिती उभी राहिली, आणि एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर सेनापती बापट रस्त्यावर उतरले. शाळकरी मुलं होती, काठी टेकत आलेले आजोबा होते. मामला न्यायालयापर्यंतही गेला. तेव्हापासून टेकडी उभी आहे ती या रेट्यामुळे. पण प्रकल्प रद्द झाला असं कुणी म्हटलेलं नाही, आणि रेटा सैल पडला की फाईल पुन्हा वर येते, हा महाराष्ट्रभरचा अनुभव आहे.

रस्त्याची बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर आणि नळ स्टॉपला संध्याकाळी अडकलेल्या माणसाचा त्रास खरा आहे. रुग्णवाहिका अडकते, तेव्हा तो जिवाचा प्रश्न होतो. पण नवा रस्ता या दुखण्यावर औषध आहे का? अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास करून ड्युरंटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवून दिलं, की रस्ते जेवढे वाढतात जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाहनांचा वापर वाढतो, आणि कोंडी होती तिथेच राहते. पुणेकराला हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा. दर नव्या उड्डाणपुलानंतर पुढच्या चौकात त्याला ते दिसतंच. दुसरी गोष्ट, याच पट्ट्यातून वनाझची मेट्रो धावते. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला आणि आज ती रामवाडीपर्यंत जाते. मेट्रोच्या स्टेशनापर्यंत नेणाऱ्या छोट्या बसगाड्या वाढवा, फुटपाथ मोकळे करा, आधी हे अडीचशे कोटी तिथे घाला. एवढं करूनही कोंडी सुटली नाही, तर पुढचं बोलू.

‘टेकडी एवढी मोठी, दोन किलोमीटरचा रस्ता गेला तर काय होतं?’ असाही प्रश्न येतो. डोंगरात राहणाऱ्याला विचारा. रस्ता एकटा येत नाही. त्याच्या मागून दिवे येतात, भिंत येते, टपरी येते, मग प्लॉटची पाटी येते. टेकडीचे दोन तुकडे झाले, की अलीकडचा मोर पलीकडे जात नाही आणि माणसाची सलग वाट तुटते. शिवाय बेसाल्टच्या भेगांतून टेकडी पावसाचं पाणी मुरवते, त्या वाटेवर बोगद्याचे सुरुंग फुटले तर मुरणाऱ्या पाण्याचं काय होईल, हे आधी तपासायला नको? डोंगर कापून आणि ओढे बुजवून काय होतं, ते पुण्याने 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पाहिलंय. त्या रात्रीच्या पावसाने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत घरं, गाड्या आणि माणसं वाहून नेली. नदीपासून लांब आहोत म्हणून निर्धास्त झोपलेले लोक होते ते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत बोचरा आहे: टेकडी वाचवणं हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा छंद, महागडे बूट घालून सकाळी फिरणाऱ्यांचा. हा आक्षेप पुन:पुन्हा ऐकावा लागतो, म्हणून स्पष्ट उत्तर देतो. टेकडी गेली तर महागड्या बुटांच्या माणसाचं काही अडत नाही. त्याच्या सोसायटीत ट्रेडमिल आहे, क्लबाचं सदस्यत्व आहे, शनिवार-रविवारी मुळशीला जायला गाडी आहे. अडतं ते कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराचं. अडतं ते जनवाडीतल्या मुलीचं, जिला घरात व्यायामाला जागा नाही आणि गल्लीत पळायची सोय नाही. गोखलेनगरची वसाहत 1961 च्या पानशेतच्या पुरात घर गमावलेल्यांसाठी उभी राहिली. त्यांच्या नातवंडांना अंगणाऐवजी जे मिळालं, ते ही टेकडी. फुकट मैदान सगळ्यांत आधी गरिबाच्या हातून जातं, आणि गेल्यावर त्याचा मोर्चा निघत नाही.

मुंबईने हे एकदा भोगलं आहे, आणि दुसऱ्यांदा तशी वेळ येऊ शकते. आरे वसाहतीत ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं तोडली गेली. तोड सुरू झाली ती रात्रीच्या अंधारात. तिथल्या वारली पाड्यांतली माणसं आणि शहरातली तरुण पोरं रस्त्यावर आली, अटका झाल्या, पण झाडं गेली ती गेली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहाटे चालणाऱ्या-पळणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. तिथल्या 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेकडे देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. त्या जागेवर बाग होणार म्हणतात. ती खरोखर मातीची आणि झाडांची बाग राहते, की तिच्या पोटात वाहनतळ आणि अंगावर इमारती येतात, यावर मुंबईकरांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

उलट जिथे लोक चिवट राहिले, तिथे जागा टिकली. लंडनचं हॅम्पस्टेड हीथ हा टेकड्यांचा मोकळा माळ. जमीनदाराला तिथे घरं बांधायची होती. 1829 पासून लोक भांडत राहिले, एक पिढी संपली, दुसरी उभी राहिली, आणि 1871 मध्ये संसदेने कायदाच करून तो माळ लोकांसाठी राखला. आज इंग्लंडची नावाजलेली क्रॉस-कंट्री शर्यत अनेकदा त्याच माळावरच्या पार्लमेंट हिलवर भरते, हजारो माणसं चिखलातून पळतात. इतक्या लांब जायचं नसेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जा. उजाड झालेला डोंगर तिथल्या आदिवासींनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकापासून राखला, स्वत:चे नियम केले, तोडणाऱ्याला दंड लावला, आणि सुमारे 400 हेक्टरवर जंगल परत उभं केलं. सरकारने 2025 मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री दिली. वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, त्याच्या कितीतरी आधी बारीपाड्याने जंगल राखून दाखवलं होतं.

मोलगीच्या लोकांना अशा लढ्याचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. याच अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. वरून आखलेली रेघ कुणाच्या अंगणातून जाते, हे त्या रेघेच्या टोकाला राहणाऱ्याला सगळ्यांत आधी कळतं. पुण्याच्या नकाशावरच्या दोन किलोमीटरच्या रेघेकडे आम्ही त्याच नजरेने पाहतो.

तर आता करायचं काय? नुसतं हळहळून टेकडी वाचत नाही. कामं वाटून घेऊ.

पहिलं काम पुणेकर मतदाराचं. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी विचारा: बालभारती-पौड फाटा रस्त्याबद्दल आणि बोगद्यांबद्दल तुमची भूमिका काय? तोंडी ‘बघू’वर समाधान मानू नका. उत्तर आलं तर ते सोसायटीच्या फलकावर लावा. नाही आलं, तर तेही लावा. विकास आराखड्यात बदल निघाला की हरकती-सूचनांसाठी ठराविक मुदत असते. त्या मुदतीत आलेला कागदच मोजला जातो, चहाच्या टपरीवरची चर्चा मोजली जात नाही. हरकतीचा नमुना तयार ठेवा, शेजाऱ्याकडून सही घ्या, पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

दुसरं काम महापालिकेचं आणि राज्य सरकारचं. पुण्यात समाविष्ट झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर 978 हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखायचा निर्णय 2015 मध्ये झाला. ते आरक्षण कागदावर आहे. जमिनी मात्र बऱ्याच ठिकाणी खाजगी मालकीच्या आहेत. मालकाला मोबदला मिळाला नाही, तर तो आरक्षण उठवायच्याच मागे लागणार, आणि त्यात त्याचं फार चुकतंय असंही म्हणता येत नाही. म्हणून मागणी दुहेरी करा: आरक्षणाला हात लावू नका, आणि मालकांचा रास्त मोबदला अडवून धरू नका. दुसरी मागणी सोडून पहिली फार दिवस टिकणार नाही.

तिसरं काम सुरक्षिततेचं, आणि यात टाळाटाळ नको. टेकड्यांवर लूटमारीचे प्रकार घडलेत. एकट्या मुलीला पहाटे वर जायची भीती वाटत असेल, तर ती टेकडी तिची राहिलेली नाही, झाडं शाबूत असली तरी. पायथ्याच्या प्रत्येक वाटेवर पहारेकरी आणि दिवा हवा, पोलिसांची गस्त हवी, मदतीचा फोन नंबर ठळक लिहिलेला हवा. वर मात्र दिव्यांच्या माळा आणि काँक्रीटचे ‘जॉगिंग ट्रॅक’ नकोत. टेकडी सुरक्षित करण्याच्या नावाखाली तिची बाग करून टाकली, तर ती वाचवून उपयोग काय?

चौथं काम पळणाऱ्यांचं. वर जाणारी प्रत्येक टोळी, मग ती भरतीच्या अकादमीची असो की मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या गटाची, ठरलेल्या वाटेवरूनच पळो. नव्या वाटा पाडल्या की माती उघडी पडते आणि पहिल्याच पावसात वाहून जाते. उन्हाळ्यात गवताला ठिणगी लागायला वेळ लागत नाही, तेव्हा विडी-सिगारेट दिसली की तिथल्या तिथे अडवा, वणवा दिसला की अग्निशमन दलाला कळवा. पाण्याची बाटली भरून न्या आणि रिकामी परत आणा. आणि भरतीच्या पोरांनो, तुमच्यासाठी एक जास्तीची विनंती. टेकडीच्या बैठकांना तुम्ही फारसे दिसत नाही. ते आपलं काम नाही, असं तुम्हाला वाटतं. पण या टेकडीची गरज तुमच्याइतकी कुणालाच नाही. पुढच्या मोर्च्याला आपल्या अभ्यासिकेतून दहा जण न्या. नंदुरबारचे आहोत, गडचिरोलीचे आहोत, बीडचे आहोत, आणि या टेकडीवर पळून आम्ही नोकरीला लागणार आहोत, असं माईकवर सांगा. श्रीमंतांचा छंद म्हणणाऱ्यांना मग पुढे बोलायला जागा राहणार नाही.

पाचवं काम मोलगी-धडगाव-अक्कलकुव्याच्या आईबापांचं. तुमची लेक पुण्यात असेल तर तिला फोनवर जेवणाबरोबर एवढंही विचारा: पळायला जागा आहे का गं? नसेल तर तिच्या वसतिगृहाच्या गृहपालांना आणि आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयाला अर्ज द्या. वसतिगृहाला मैदान हवं, किंवा मैदानाजवळ वसतिगृह हवं, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात येऊ दे. सहीशिक्क्याचा ठराव कार्यालयाला सहज बाजूला सारता येत नाही.

शहर मोठं होतंय, होणारच. पण मोठ्या शहराने आपल्या पोटातला एक डोंगर मोकळा ठेवावा, एवढं मागणं फार नाही. येत्या रविवारी सकाळी सहाला लॉ कॉलेजच्या मागच्या वाटेने वर या. बूट कुठलेही चालतील, वेग कितीही चालेल. वर पोचल्यावर शेजारी पळणाऱ्याचं गाव विचारा, त्याचा नंबर घ्या, आणि पुढच्या हरकतीच्या अर्जावर तुमच्या सहीखाली त्याची सही होईल असं बघा.